पेरोनीचा बाक: सुरुवात कुठून करायची आणि पैसे कशावर घालायचे नाहीत

घरी सांगताना मी ‘मुतखड्याच्या डॉक्टरकडे जाऊन येतो’ एवढंच सांगितलं होतं. तसं ते खोटंही नव्हतं. युरोलॉजिस्टला आपल्या कोल्हापुरात बहुतेक लोक मुतखड्याचा नाहीतर प्रोस्टेटचा डॉक्टर म्हणूनच ओळखतात. वेटिंगमध्ये शेजारच्यानं ‘काय त्रास?’ विचारलंच तर ‘खडा’ म्हणायचं. तो लगेच स्वतःच्या खड्याची गोष्ट सुरू करतो आणि तुम्ही सुटता. ही युक्ती आधीच सांगतो, कारण या दुखण्यात सगळ्यात जास्त वेळ दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचण्यातच जातो. माझे पाच महिने गेले.

मी उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगचं काम करतो, डॉक्टर नाही. बावन्नाव्या वर्षी लिंग ताठरताना दुखायला लागलं. मग वरच्या अंगाला वाटाण्याएवढं काहीतरी टणक हाताला लागलं, आणि दोन महिन्यांत ते वरच्या बाजूला वाकायला लागलं. याला पेरोनीचा आजार म्हणतात. तुमचं असंच काही सुरू झालं असेल तर पुढचं वाचा.

आधी हे आहे काय ते समजून घ्या

लिंगात रक्त भरून ताठरणारे दोन लांबट कप्पे असतात. त्यांच्याभोवती ट्युनिका अल्बुजिनिया नावाचं चिवट पण ताणलं जाणारं आवरण असतं. संबंधाच्या वेळी या आवरणाला बारीक इजा होतात, बहुतेकदा कळतही नाहीत. काही जणांत ती इजा भरताना कोलॅजन गरजेपेक्षा जास्त साठतं आणि तिथं कडक चट्टा धरतो. ताठरताना बाकीचं आवरण ताणतं, चट्टा ताणत नाही, म्हणून लिंग चट्ट्याच्या बाजूला वळतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल: पत्र्याला एकाच अंगानं वेल्ड मारला की गार होताना शिवण आवळते आणि पत्रा त्या अंगाला ओढला जातो.

हा कॅन्सर नाही आणि बायकोला लागणारा रोगही नाही. तरुणपणातल्या हस्तमैथुनाची शिक्षा तर मुळीच नाही, हे मुद्दाम लिहितोय, कारण पन्नाशीतले शहाणेसुरते लोकही रात्री अंथरुणात हाच हिशेब मांडत बसतात. लहानपणापासूनच थोडा बाक असेल, गाठ नसेल आणि दुखत नसेल तर तो प्रकार वेगळा, जन्मजात. पेरोनी बहुधा चाळीस ते सत्तरच्या दरम्यान उगवतो. मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरही दिसतो.

आता एक गोष्ट करून बघा. तळहात टेबलावर सपाट टेकवा. पूर्ण टेकतो का? माझी करंगळीशेजारची बोटं टेकत नव्हती. मी समजत होतो की हातोडा धरून धरून घट्टा पडलाय. डॉक्टरांनी मला पँटआधी हात दाखवायला लावला. तळहातातली ती दोरी म्हणजे ड्युपिट्रनचा आजार, याच घराण्यातला. पेरोनी असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला तो असतो. माझ्या मामाचंही बोट असंच आत वळलेलं होतं.

पहिलं काम: फोटो आणि तारीख

डॉक्टरांसमोर बसल्यावर लिंग ताठरलेलं नसतं, त्यामुळे बाक दिसत नाही. म्हणून घरी, पूर्ण ताठरलेलं असताना तीन फोटो काढा: वरून, डाव्या किंवा उजव्या बाजूनं, आणि समोरून. दर महिन्याला, त्याच अंतरावरून. कोन मोजायला पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. फोटोवर ठेवा, बुंध्याकडची रेघ आणि टोकाकडची रेघ धरा. वहीत तारीख, कोन, दुखतंय की नाही आणि मधेच कुठं कंबर पडल्यासारखं बारीक झालंय का, एवढं लिहा.

फोटो काढण्याआधी मोबाईलमधलं आपोआप बॅकअप बंद करा आणि फोटो कुलूपबंद फोल्डरमध्ये टाका. घरातला टीव्ही आणि मोबाईल एकाच खात्यावर असले की सोफ्यावर सासू बसलेली असताना काय काय पडद्यावर येऊ शकतं याची कल्पना करा. फॅमिली ग्रुपबद्दल तर बोलायलाच नको.

डॉक्टर कोणता आणि तिथं काय होतं

त्वचारोगतज्ज्ञ नाही, रस्त्याकडेच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर’ असं रंगवलेला तर नाहीच. युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञ. राजारामपुरी, शाहूपुरी भागात खासगी दवाखान्यांची कमी नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर दसरा चौकाजवळ सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय आहे. केसपेपर काढा, सर्जरीच्या ओपीडीत बसा, तिथून पुढं कुठं पाठवायचं ते तेच सांगतील. कोल्हापुरात ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती असेल तर मिरज रेल्वेनं पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथं दवाखान्यासाठी जाणं इतकं सवयीचं आहे की कोणी कारण विचारत नाही.

डॉक्टर विचारतील: कधी सुरू झालं, काही इजा आठवते का, दुखतं का, ताठरता पूर्वीसारखी येते का, साखर-बीपी आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, तंबाखू-सिगारेट आहे का. लाजून ‘ताठरता ठीक आहे’ म्हणू नका. पुढची सगळी निवड या एका उत्तरावर फिरते. मग हातानं तपासून चट्टा कुठं आहे ते बघतात, साखरेची तपासणी लिहून देतात.

ऑपरेशनचा किंवा इंजेक्शनचा विचार असेल तर कलर डॉपलर सोनोग्राफी होते. आधी बारीक सुईनं लिंगात औषध टोचून ते ताठरवतात, मग कोन मोजतात, रक्तपुरवठा आणि चट्ट्यात चुना धरलाय का ते बघतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण सुई मुंगी चावल्याएवढीच लागते. त्या दिवशी मात्र घरी जाऊन ताठरता उतरली ना हे बघायचं. चार तास झाले तरी उतरली नाही तर ती इमर्जन्सी आहे, तसेच उठून परत जायचं.

तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात?

माझ्या मते सगळ्या लेखातला महत्त्वाचा प्रश्न हा आहे, कारण औषध कोणतं याआधी वेळ कोणती हे ठरतं.

पहिला टप्पा चालू आजाराचा. दुखतं, बाक महिन्यागणिक बदलतो. हा सहा महिने ते दीड वर्ष चालू शकतो. दुसरा टप्पा थांबलेला: दुखणं गेलेलं, कोन तीन ते सहा महिने आहे तिथंच. पहिल्या टप्प्यात ऑपरेशन करत नाहीत, कारण वेल्ड गरम असताना पत्रा सरळ करून उपयोग नसतो, गार होताना तो परत ओढतो. तुमची वही आणि फोटो इथं कामाला येतात. माझ्या वहीत पहिला आकडा २० अंश होता, पाचव्या महिन्यात ४५.

काहीच केलं नाही तर काय होतं? उपचार न घेतलेल्या रुग्णांवर सुमारे दीड वर्ष लक्ष ठेवलेल्या एका अभ्यासात साधारण १२ टक्क्यांचा बाक आपोआप कमी झाला, ४० टक्क्यांचा तसाच राहिला आणि ४८ टक्क्यांचा वाढला. दुखणं मात्र बहुतेक सगळ्यांचं काळानं जातं. हे नीट लक्षात ठेवा, पुढं तेलाच्या बाटलीपाशी त्याचा उपयोग आहे.

गोळ्या, इंजेक्शनं, ताण

गोळ्यांचा भाग थोडक्यात संपतो. हिरव्या व्हिटॅमिन ई कॅप्सूल या आजारात कित्येक दशकं दिल्या गेल्या, अजूनही दिल्या जातात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मात्र स्पष्ट आहेत: व्हिटॅमिन ई, टॅमॉक्सिफेन, ओमेगा-३, व्हिटॅमिन ईसोबत एल-कार्निटिन, यांपैकी काही देऊ नये. दुखत असेल तर साधी वेदनाशामक गोळी चालते. पेन्टॉक्सिफायलिन काही डॉक्टर देतात, तिचा पुरावा कच्चा आहे. ताठरता कमी पडत असेल तर टॅडालाफिल मदत करतं, पण ते ताठरतेसाठी, बाकासाठी नाही. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्याच्या खिशात आहे, त्यानं टॅडालाफिल-सिल्डेनाफिलला हातच लावायचा नाही. रक्तदाब जीवघेणा उतरतो.

इंजेक्शनं थेट चट्ट्यात देतात. यात नाव मोठं कोलॅजिनेजचं. ते चट्ट्यातलं कोलॅजन विरघळवतं. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ३० अंश किंवा जास्त बाक आणि हाताला लागणारा चट्टा असलेल्यांसाठी. चाचण्यांत बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला. औषध नसलेली सुई टोचलेल्यांचाही १८ टक्के कमी झाला, हा आकडा कोणी सांगत नाही. म्हणजे ६० अंशांचे साधारण ४० होतात, शून्य होत नाहीत. सुजणं, काळंनिळं पडणं नेहमीचं. क्वचित आवरण फाटतं, तेव्हा तातडीचं ऑपरेशन लागतं. म्हणून इंजेक्शननंतर काही आठवडे संबंध बंद. हे औषध महाग आहे आणि युरोपच्या बाजारातून कंपनीनं ते काढूनही घेतलं. माझ्या डॉक्टरांनी व्हेरापामिल सुचवलं, मूळचं रक्तदाबाचं औषध, खूप स्वस्त, पुरावा त्यामानानं कमजोर. इंटरफेरॉन अल्फा-२बी हाही पर्याय आहे. त्यानं फ्लूसारखा ताप येतो.

ताण देण्याचं यंत्र हा मला पटलेला उपाय, कदाचित मी फिटर असल्यामुळे. लिंग हळूहळू, रोज, महिनोन्‌महिने ताणून धरायचं. जुनी यंत्रं दिवसाला तीन ते आठ तास लावावी लागायची, आणि कामावर जाणाऱ्या माणसाला ते कसं जमणार? नव्या बनावटीची अर्धा तास, दिवसातून एकदा-दोनदा. फायदा हळू दिसतो, पण लांबी थोडीफार टिकते आणि सुई टोचावी लागत नाही. ऑनलाईन मिळणाऱ्या स्वस्त नकलांचे पट्टे कातडी सोलतात. टोक निळं पडलं, बधिर झालं, की लगेच काढायचं. मी सहा महिने नेमानं केलं, बायकोच्या भाषेत ‘जिमला जाऊन येतो’. माझे ४५ अंश ३५ वर आले. तुमचे येतील असं नाही.

जोर लावून हातानं सरळ करायचा प्रयत्न मात्र कोणी करू नका. तालमीत उतरलेला खांदा बसवतात तसा हा प्रकार नाही. त्यानं नवी इजा होते आणि नवा चट्टा धरतो.

शॉकवेव्हची, म्हणजे बाहेरून लहरींचे धक्के देण्याच्या उपचाराची, जाहिरात अलीकडे जोरात असते. त्यानं दुखणं कमी होऊ शकतं, बाक कमी होत नाही. दुखणं तर तसंही जाणार असतं, मग पॅकेज घ्यायचं का ते तुम्ही ठरवा. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट टोचणं) आणि स्टेमसेल अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत. प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात असतील तर सरळ उठून या.

तेल, पुड्या, शिलाजित

इथं मी अनुभवी आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसाचं तर नाहीच. पाच महिने एक तेल चोळलं, सोबत राखाडी पुड्या घेतल्या. तिसऱ्या महिन्यात दुखणं गेलं आणि मी त्या माणसाला पेढे नेऊन दिले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ! दुखणं आपोआप जायच्याच वेळेला आलं होतं, श्रेय तेलाला गेलं, आणि त्याच काळात बाक २० वरून ४५ वर जाऊन बसला. ती रक्कम अक्कलखाती जमा.

तेल कातडीवर राहतं, चट्टा त्याखालच्या आवरणात असतो. कोणत्याही लेपानं, शेकानं, जळवांनी तो विरघळल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. होमिओपॅथीचंही तेच. अश्वगंधा, शिलाजित यांचा पेरोनीवर उपयोग दाखवणारा भरवशाचा अभ्यास नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एका मित्रानं ‘मर्दा, धारोष्ण दुधात शिलाजित घाल, आठ दिवसांत सरळ’ असं सांगितलं होतं. दुधानं वजन तेवढं वाढलं, आणि माझी साखर.

आयुर्वेदावर माझा राग नाही, आमच्या घरात तीन पिढ्या त्रिफळा घेतात. पण दोन गोष्टी तपासाव्यात. राखाडी-काळ्या पुडीत भस्म असेल तर त्यात काय आहे? २००८ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधारण एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आणि ‘हर्बल’ ताकदीच्या पुडीनं तासाभरात फरक पडला तर खूश होऊ नका. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं औषध नियंत्रकांना पुन्हा पुन्हा सापडलं आहे. नायट्रेट घेणाऱ्या हृदयरोग्याला ते काय करतं ते वर लिहिलंच आहे. काही घेतच असाल तर डब्याचा फोटो युरोलॉजिस्टला दाखवा.

गंमत म्हणजे ज्याच्या नावानं हा आजार ओळखला जातो तो फ्रान्स्वा द ला पेरोनी, फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा शस्त्रवैद्य. त्यानं १७४३ मध्ये याचं वर्णन लिहिलं आणि उपाय म्हणून बारेज नावाच्या गावच्या गरम झऱ्याचं पाणी सुचवलं. पर्यायी उपचारांची परंपरा अशी मूळ पुरुषापासूनच आहे.

ऑपरेशन कुणाचं, कोणतं

बाकामुळे संबंध जमतच नसेल, आजार सुरू होऊन वर्ष झालं असेल आणि कोन तीन ते सहा महिने हलला नसेल, तरच. तीस अंशांच्या आत असाल आणि संबंध जमत असेल तर बहुतेक डॉक्टर स्वतःहून नको म्हणतात.

प्लायकेशनमध्ये चट्ट्याला हात न लावता त्याच्या विरुद्ध, लांब बाजूला टाके घालून चुण्या घेतात. आम्ही वाकलेला चॅनेल सरळ करताना उलट अंगाला गरम करून आवळतो, तोच हिशेब. साधारण साठ अंशांपर्यंतच्या बाकाला आणि ताठरता चांगली असलेल्याला हे बरं. ताठरता सहसा टिकते, लांबी मात्र थोडी कमी होते. आजारानंही ती कमी झालेली असते, म्हणून ऑपरेशनआधी ताणून मोजून, आकडा लिहून घ्यायला सांगा, नंतर भांडण नको.

बाक साठच्या वर असेल किंवा मधेच डमरूसारखी कंबर पडली असेल तर चट्टा चिरून त्या जागी तुकडा जोडतात, ग्राफ्ट. लांबी वाचते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा आणि टोक बधिर होण्याचा धोका प्लायकेशनपेक्षा जास्त. ज्याची ताठरता गोळ्यांनीही येत नाही त्याला या दोन्हींपेक्षा आत कृत्रिम दांडी बसवणं, म्हणजे इम्प्लांट, सुचवतात. त्यात बाक आणि ताठरता दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. खर्च मोठा आणि परतीचा रस्ता नाही.

कोणतंही असो, साधारण सहा आठवडे संबंध बंद. डॉक्टरांना विचारा: हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत? या प्रश्नावर चिडणारा डॉक्टर मी तरी टाळला असता. दर महिन्याला दोन-चार करणाऱ्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी जावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच, लेखी इस्टिमेट घेऊन विचारा. भरती झाल्यावर विचारणं उशिराचं असतं.

घरी कसं सांगायचं

मी बायकोला सात महिने काही सांगितलं नाही. रात्री पाठ करून झोपायचो. शेवटी फाईल तिच्या हाताला लागली. ती वाचून म्हणाली, “अहो, मला वाटलं तुमचं मन उडालं माझ्यावरनं.” तिनं सात महिने हे मनात घेऊन भाकऱ्या थापल्या होत्या. शक्य असेल तर दुसऱ्या भेटीला तिला सोबत न्या. चित्र काढून डॉक्टर समजावतात तेव्हा निम्मं ओझं तिथंच उतरतं. संबंध जमत असेल तर बंद ठेवायची गरज नाही, फक्त ज्या स्थितीत लिंग घसरून वाकण्याची भीती असते ती टाळा आणि वंगण जेली वापरा, तेल नको. मन फारच खचलं, झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हाही या उपचाराचाच भाग आहे. तंबाखू सोडा आणि साखर आटोक्यात ठेवा.

ताबडतोब धावायचं तेव्हा

संबंधाच्या वेळी ‘कट्’ असा आवाज, ताठरता क्षणात उतरणं आणि लिंग काळंनिळं सुजणं म्हणजे आवरण फाटलंय. रात्रीचे दोन वाजले असले तरी अपघात विभागात जा. लवकर शिवलं तर निकाल चांगला लागतो. तिथं खडा सांगू नका, खरं सांगा. आणि कातडीवर न भरणारी जखम, रक्त येणारा किंवा झपाट्यानं वाढणारा गोळा दिसला तर त्याला पेरोनी समजून वहीत कोन लिहीत बसू नका. ते वेगळं काही असू शकतं, त्याच आठवड्यात दाखवा.